दोन बूस्टर आणि एक गोधडी

माझा दादा गेला तेव्हा त्याने रचलेली एक धून शेवटाशिवाय राहिली. लॅपटॉपवर ती आहे. गिटार चढत चढत वर जाते, एका सुरावर येऊन थांबते, मग खुर्ची करकरते आणि रेकॉर्डिंग संपतं. पुढचा शेवट त्याला सुचला होता. "उद्या वाजवतो," म्हणाला होता. तो त्याच्या डोक्यातच राहिला. तेव्हा शेवट मी वाजवायचा, धून पुरी करायची आणि ऐकणाऱ्याला मधला सांधा कळता कामा नये, असं मी त्याच्या तेराव्यालाच मनाशी पक्कं केलं. त्याच्यासाठी दुसरं काही करता येण्यासारखं उरलंच नव्हतं.

सांधा कळू नये म्हणजे टोन त्याचाच हवा. आता टोन म्हणजे काय हे सांगायला गेलं की लोक जांभया देतात. ऑफिसातली एक बाई मला म्हणाली, गिटार ती गिटार, त्यात कसला आलाय टोन? मी म्हटलं, तुमच्या सासूच्या हातची आमटी आणि तुमच्या हातची आमटी, डाळ एकच ना? त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरंच झालं.

आम्ही गोडदेवला राहतो, आई, दादा आणि मी. राहायचो म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. मूळचे रत्नागिरीकडचे. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. दादा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे कार्यक्रम. उत्तनच्या कोळीवाड्यात तर त्याला घरच्यासारखं बोलावणं असायचं. मलाही गिटार त्यानेच शिकवली, मारून मुटकून. बोट चुकलं की टपली. मी काही त्याच्या वाटेने गेले नाही, एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटले, पण रविवारी आम्ही दोघं वाजवत बसायचो, आणि टपल्या शेवटपर्यंत चालू होत्या.

गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अ‍ॅम्पही उत्तनचाच. एका ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या घरी, जाळी ठेवायच्या खोलीत धूळ खात पडला होता. म्हाताऱ्याचा मुलगा परदेशी जहाजावर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. म्हाताऱ्याने एका हळदीत दादाला ऐकलं आणि म्हणाला, "घेऊन जा. हितं आता वाजवनारा कोन न्हाय." जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व असलेला छोटासा अ‍ॅम्प, खाऱ्या हवेने गंजलेला. दादाने तो सगळा खोलला, पुसला, नवा स्पीकर घातला, उभा केला. पहिले काही महिने तो तापला की खोलीभर सुक्या बोंबलाचा वास सुटायचा आणि आई किचनमधून विचारायची, "कोणाकडे बोंबील भाजतायत रे?"

असा अ‍ॅम्प खरा बोलतो तो जोर लावल्यावर. आवाज वाढवत नेला की एका जागी तो कडेकडेने फाटायला लागतो, आणि गिटारवाल्यांना नेमकं तेच हवं असतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये तेवढा आवाज वाढवायची सोय नाही. शेजारचे मारवाडी काका पहिल्याच सुराला बेल वाजवायचे. "बेटा, थोडा स्लो." म्हणून बूस्टर. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये लावायचा मुठीएवढा लोखंडी डबा, पायाने चालू-बंद करायचा, डोक्यावर एखाद-दोन नॉब. मला आधी वाटायचं, बूस्टर म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र. तसं म्हटल्यावर टपली बसली. "मोठा करायला अ‍ॅम्पला नॉब आहे की. बूस्टर अ‍ॅम्पला आतून रेटतो. बाहेर आवाज तेवढाच राहतो, पण आत तो दमतो. मला तो दमलेला हवाय."

त्याच्याकडे दोन बूस्टर होते. एक नुसता जोर देणारा, दुसरा मधले सूर पुढे आणणारा. कुठलाही एकच पूर्ण उघडला की गिटार किंचाळायची. दोन्ही अर्धेमुर्धे उघडून, एकामागे एक लावले, की हळू छेडल्यावर स्वच्छ आणि जोरात छेडल्यावर किंचित घोगरा असा सूर निघायचा. तो सापडेपर्यंत नॉब केसभर फिरवायचा, वाजवायचा, मान हलवायचा, परत फिरवायचा. अर्धा दिवस त्यातच. आई म्हणायची, "वाजवतोस कधी? नुसता कान पिळत बसलायस त्याचे."

ती धून त्याने दिवसा रेकॉर्ड केली, शेजारचे काका दुकानात आणि मी ऑफिसात असताना. आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यात अ‍ॅम्प, त्याच्या तोंडासमोर स्टुलावर माइक, माइकची वायर लॅपटॉपला. संध्याकाळी मी यायचे तोवर पसारा आवरलेला असायचा. मला फक्त ऐकवायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवायचे. आता वाटतं, एकदा तरी मनापासून छान म्हणायला काय जात होतं माझं.

आई या सगळ्यात कधी त्या खोलीत डोकावली नाही. तिची जागा किचन, आणि मध्ये भिंत. तिने त्याची गिटार आयुष्यभर भिंतीपलीकडूनच ऐकली. स्वयंपाक झाला की तिकडून हाक यायची, "बाबू, बंद कर आता. भात निवतोय." आमच्यात मुलगा तो बाबू आणि मुलगी ती बाय. बाबूचं उत्तर ठरलेलं, "एवढंच, आई." आणि मग भात निवून जायचा.

गणपती गेले आणि त्याला ताप भरला. डेंग्यू. दोन दिवस घरीच अंगावर काढला, मग हॉस्पिटलात नेलं. प्लेटलेट खाली-वर होत राहिल्या आणि एक दिवस वर आल्याच नाहीत. यापुढे मला त्याबद्दल लिहायचं नाही. एवढंच सांगते, की शुद्धीत होता तेव्हा तो आईला म्हणाला, "आता अ‍ॅम्पला कोणी हात लावू नका." आईला वाटलं, तापात काहीबाही बडबडतोय. मला वाटलं, मला कळलं. सगळे नॉब त्याने लावून ठेवलेत तसेच राहू देत, बरा झाला की शेवट वाजवेल.

तो गेल्यावर मी त्या खोलीचं दार लावून घेतलं. आत जायला पाय उचलत नव्हता. मनात म्हणायचे, नॉब कुठे पळून जात नाहीत. अ‍ॅम्प चालू करायचा, वाजवायचं, झालं. आधी डोळ्यांतलं पाणी तरी थांबू दे.

मग नवरात्र आलं. वर्षाच्या आत सण नाही, त्यामुळे घरात घट नाही, तोरण नाही, काही नाही. पण खंडेनवमी आली तशी आईला काही राहवेना. दर खंडेनवमीला ती दादाच्या गिटारला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची, आणि तो ओरडायचा, "तारांना नको, गंजतात." मी त्या दिवशी ऑफिसात होते. कारखान्यात मशीनची पूजा, पेढे, लवकर सुट्टी. घरी आले तर आतल्या खोलीचं दार उघडं. गिटारला फूल. तारांना कुंकू नाही, तेवढं तिने लक्षात ठेवलं होतं. अ‍ॅम्पला झेंडूची माळ, आणि अ‍ॅम्प असा लख्ख, की उत्तनहून आला तेव्हाही नव्हता. ओल्या फडक्याने एकेक कोपरा पुसलेला. आणि प्रत्येक नॉब शून्यावर. अ‍ॅम्पचे, दोन्ही बूस्टरचे, गिटारचेसुद्धा. पुसता पुसता तिने सगळे नीट बंद करून ठेवले होते.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते तिलाही आठवत असेल आणि मलाही आठवतंय. ती ऐकत राहिली, हातात ते फडकं. मग म्हणाली, "गॅस बंद करतात, नळ बंद करतात. हे उघडं टाकायचं होतं होय? मला काय कळतं गो? पूजा नको करू? सण आपल्याला नाही, पण त्याच्या वस्तूंनी काय केलंय?" आणि रडायला लागली. मग मीही. पूजेतला पेढा तसाच पडून राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

फोटो काढून का नाही ठेवलास, असं मला आजवर भेटेल त्याने विचारलंय. नाही काढला. आपल्याच घरात कोण हात लावणार होतं, असं वाटलं, म्हणून नाही काढला. झालं समाधान?

दसरा होऊ दिला आणि मी शोधायला बसले. पद्धत सोपी होती. लॅपटॉपवर त्याचा तुकडा लावायचा, तो थांबला की लगेच आपण वाजवायचं, परत त्याचा, परत आपला. पहिल्या दिवशी माझा सूर इतका पातळ निघाला की मला माझीच लाज वाटली. पहिला बूस्टर वाढवला तर किंचाळला. दुसरा वाढवला तर नाकात बोलायला लागला. दोघांच्या जागा बदलून बघितल्या, तेव्हा थोडं जमलं. मग गिटारचा स्वतःचा आवाज थोडा उतरवला, तसा सूर मऊ झाला. मग आठवलं की तो पिकचं, म्हणजे तार छेडायच्या चकतीचं, टोक वापरायचा नाही, उलटं धरून गोल बाजूने वाजवायचा. तसं केलं, आणखी जवळ गेले. माइक बोटभर इकडे, बोटभर तिकडे. एका रविवारी एकदम वाटलं, सापडला. त्याचा लावला, माझा वाजवला, आणि तोंड पाडून बसले. सगळं होतं, पण त्याचा सूर जवळ येऊन बोलायचा, माझा लांब कुठेतरी उघड्यावर वाजत होता. ते अंतर कुठल्याच नॉबने मिटेना. मी अक्षरशः हात टेकले.

अशाच एका रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर शेजारचे काका. "बेटा, थोडा..." म्हणाले, आणि वाजवणारा दादा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "बजाओ, बजाओ," म्हणाले आणि आपल्या घरात निघून गेले. मी दार लावलं आणि भिंतीला टेकून बसले.

तेव्हा किचनमधून आई म्हणाली, "हा उघडा येतो."

मी म्हटलं, काय उघडा येतो?

"आवाज. त्याचा असा यायचा नाय. त्याचा मला इथे हळू यायचा, पांघरूण घेतल्यासारखा. हा टोचतो." मग म्हणाली, "गोधडी घातलीस काय त्याच्यावर?"

मी उठून किचनमध्ये गेले. कसली गोधडी, विचारलं. ती भाजी चिरत होती, वर बघितलं नाही. दादा रेकॉर्डिंग करायचा तेव्हा अ‍ॅम्प आणि माइक दोघांना मिळून एक गोधडी पांघरायचा, असं तिने सांगितलं. आजीच्या लुगड्यांची, गावाहून आणलेली, घरातली सगळ्यात जड. खोलीचा घुमारा माइकमध्ये जाऊ नये म्हणून, असं सांगून त्याने ती तिच्याकडूनच मागून नेली होती. मी यायच्या आत घडी करून अ‍ॅम्पवर ठेवायचा, म्हणून ती कशासाठी हे मला कधी कळलंच नाही.

"मग ती कुठे आहे?"

"हॉस्पिटलात नेली होती. तिकडची चादर पातळ होती, त्याला हुडहुडी भरायची. मी घरी आले आणि अ‍ॅम्पवर होती ती काढून नेली." विळी थांबली. "त्याने ओळखली ना. म्हणाला, आई, अ‍ॅम्पवरची आणलीस? बरं, आता अ‍ॅम्पला कोणी हात लावू नका."

म्हणजे त्याचं ते बोलणं बडबड नव्हती, आणि मला कळलं होतं तेही पुरतं कळलं नव्हतं. पोराला हुडहुडी भरलेली असताना तो आपल्या माइकचा विचार करत होता, आणि तरी आईला परत ने म्हणाला नाही. मी किचनच्या ओट्याला धरून रडले. आईने मला रडू दिलं.

गोधडी आईच्याच अंथरुणात होती. हॉस्पिटलातून आणल्यापासून ती तीच पांघरत होती. धुतली नव्हती. धुवायला काढ असं मी एकदा म्हटलंही होतं, तर तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ती स्वतः उठली, हात पुसले, गोधडी काढली, छातीशी धरून आणली आणि माझ्या हातात दिली. "काम झालं की दे," म्हणाली. "मला झोप नाही लागत तिच्याशिवाय."

मी ती अ‍ॅम्पवर घातली, माइक आत घेतला, कडा खाली नीट खोचल्या. नॉब होते तिथेच ठेवले. एक तार छेडली. किचनमध्ये चाललेली विळी थांबली. मला काही विचारावं लागलं नाही. जोरात छेडल्यावर कडेला तोच घोगरेपणा, हळू छेडल्यावर तोच स्वच्छ सूर, आणि तो कुठून लांबून नाही, जवळून. दादा होता तसा. मला आनंद व्हायला हवा होता.

बोटं थांबायच्या आत मी रेकॉर्डिंग लावलं. त्याचा तुकडा हेडफोनमध्ये, आणि तो संपतो तिथून मी. शेवट माझा मीच बसवला होता, त्याच्या सवयी आठवून आठवून: तो कुठे रेंगाळायचा, कुठे घाई करायचा, कुठे खालच्या तारेवर उतरून घरी आल्यासारखा बसायचा. दोन-तीनदा चुकले, मग बरोबर आलं. सगळी धून सुरुवातीपासून लावली. सांधा खरोखर कळत नव्हता. मला स्वतःला कळत नव्हता, आणि मी तो घातला होता.

मी दार उघडून आईला बोलावलं. म्हटलं, झालं, ऐक. लॅपटॉपवर लावलं. आई उंबऱ्यात उभी राहिली, पदर तोंडाला. त्याचा भाग चालू होता तोवर तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. तो सूर आला, जिथे तो थांबला होता. आणि धून पुढे सरकली, माझी. आईने माझ्याकडे बघितलं.

"हे त्याचं नाही," म्हणाली.

मी म्हटलं, टोन तोच आहे, आई. सगळं तेच आहे. आता ती पुरी झाली.

"आवाज त्याचाच आहे गो. छान वाजवलंयस. पण इथून पुढे मी कधी ऐकलेलं नाय." तिने पदराने डोळे टिपले. ती रागावली नव्हती, मला समजावत होती. "इथवर आलं की तो बाबू असतो. इथून पुढे आलं की तो गेलेला असतो."

इतके रविवार मी त्या शेवटात जीव ओतला होता. मी तिला म्हटलं, मग काय करू, पुसून टाकू? ती नाही म्हणाली. ते तुझं आहे, राहू दे, म्हणाली. मग जरा घुटमळली. आई सहसा घुटमळत नाही, जे काय ते तोंडावर बोलते.

"एक करशील, बाय? हे मशीनवरचं नको. तू वाजव. त्याचं होतं तेवढंच. आणि दार लावून घे."

मी दार का म्हणून विचारलं नाही. उंबऱ्यातून तिला मी दिसत होते. किचनमधून कोणीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

ती आत गेली. मी दार लावलं, गोधडीच्या कडा परत खोचल्या आणि वाजवायला लागले. रेकॉर्डिंग लावलं नाही. पिक उलटं धरलं होतं, गोल बाजूने. पलीकडे भांडी वाजत होती, नळ चालू झाला, बंद झाला. धून चढत गेली. मी कुठेही घाई केली नाही. तो जिथे थांबला होता त्या सुरावर आले आणि तिथेच थांबले.

सूर गोधडीत विरेपर्यंत पलीकडे काहीच हललं नाही. मग भिंतीपलीकडून हाक आली, रोजच्यासारखी.

"बाबू, बंद कर आता. भात निवतोय."

मी उत्तर दिलं नाही. अ‍ॅम्प बंद केला, गोधडीची घडी केली आणि जेवायला गेले. नॉबना हात लावला नाही.